गजभिये बाईंनी निवडलेलं वावर

यवतमाळला एके काळी विमान चालवायला शिकवत, असं मी सांगितलं की लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहतात आणि मग विषय बदलतात. पण ते खरं आहे. साठ सालाच्या आगेमागे आमचा फ्लाइंग क्लब दर हिवाळ्यात एक विमान, एक मेकॅनिक आणि एक शिक्षक यवतमाळला पाठवत असे. शिक्षक मी. मेकॅनिक लतीफभाई. गावाबाहेरच्या माळावरचे दगड वेचून, चुन्याच्या रेघा मारून आम्ही धावपट्टी केली होती. वारा कुठून येतो ते कळावं म्हणून एका बल्लीवर कापडी पिशवी टांगली होती, तिला आजूबाजूचे गुराखी पायजमा म्हणत. सकाळी उड्डाणाआधी पहिलं काम म्हणजे पट्टीवरची गुरं हाकलणं.

विमान टायगर मॉथ. दोन मजली पंख, लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड. डोक्यावर छप्पर नाही. एकामागे एक अशा दोन जागा. शिकणारा मागे बसतो आणि शिकवणारा पुढे, म्हणजे मास्तरची पाठ विद्यार्थ्याकडे. बोलणं रबरी नळीतून. ब्रेक नाही, वायरलेस नाही, इंजिन सुरू करायला बटण नाही. लतीफभाई समोर उभे राहून पंखा हातानं फिरवत आणि चटकन मागे सरत. विमान एकदा दिसेनासं झालं की ते परत येईपर्यंत खालच्या माणसाला त्याची काही खबर लागायचा मार्ग नव्हता.

आम्ही शिकवत होतो ते खासगी वैमानिकाच्या लायसन्ससाठी. या लायसन्सवर पोट भरता येत नाही. स्वतः उडता येतं, सोबत एखादा माणूस नेता येतो, पण त्याच्याकडून भाडं घेता येत नाही. म्हणून आमच्याकडे येणारे बहुतेक हौशी. वणीचे एक वकील होते. त्यांना नळीतून "डावा पाय दाबा" म्हटलं की "पण साहेब" असं उलट उत्तर येई, आणि त्यांचा मुद्दा मांडून होईपर्यंत विमान भलतीकडे तोंड करून बसलेलं असे. तीन हिवाळे त्यांनी माझ्याशी युक्तिवाद केला. शेवटी मी त्यांना एकट्यानं सोडलं, तर तो गृहस्थ इतकं सुरेख विमान उतरवून दाखवता झाला की मीच वरमलो. पुढे कोणी नसल्यामुळे वाद घालायला जागाच राहिली नव्हती.

पण मला सांगायचंय ते गजभिये बाईंविषयी.

इंदुमती गजभिये राळेगावला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. वय तेवीस-चोवीस, अंगानं बारीक, बोलणं मोजकं. त्या कॉलेजात असताना सरकारनं विमानविद्येसाठी काही मुलंमुली निवडली, त्यांचा बहुतेक खर्च सरकार करणार होतं. त्यात या एक. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं यवतमाळला वडिलांकडे यायच्या, रविवारी उडायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. वडील लहानुजी यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहत. छप्पन साली सगळ्या मोहल्ल्यानं धम्म घेतला तेव्हा मुलीला घेऊन तेही गेले होते. लेक उडायची त्या प्रत्येक रविवारी लहानुजी धुतलेला पांढरा सदरा घालून चुन्याच्या रेघेबाहेर उभे राहत. कधी जवळ आले नाहीत, काही मागितलं नाही. विमान उतरलं की लतीफभाईंना रामराम करावा तसा "जय भीम" करायचे आणि निघून जायचे. लतीफभाईही तितक्याच अदबीनं "जय भीम, लहानुजी" म्हणत.

बाई झटपट शिकल्या असं नाही. उतरताना विमान जमिनीपासून जरा उंचावरच थांबवायच्या आणि ते धपकन बसायचं. पण एक चूक त्या दुसऱ्यांदा करत नसत. त्यांचं पहिलं एकटं उड्डाण झालं, तास भरत आले, लेखी परीक्षा झाली. उरला लांबचा पल्ला. लायसन्सच्या आधी विद्यार्थ्यानं एकट्यानं, नकाशा आणि होकायंत्राच्या भरवशावर दूरच्या दोन गावांवरून फिरून परत यायचं असतं. आमचा ठरलेला त्रिकोण होता यवतमाळहून उमरखेड, तिथून नेर आणि परत. पावणेदोन तासांचा मामला.

तो फेब्रुवारीतला रविवार होता. हवा स्वच्छ नव्हती. शेतकऱ्यांनी वावरातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून पेटवल्या होत्या, त्यांचा धूर सकाळच्या गारठ्यात खालीच साचून राहिला होता. दुसरा रविवार असता तर मी थांबलो असतो. पण दोन आठवड्यांत विमान क्लबाकडे परत न्यायचं होतं, आणि बाईंना एवढा एकच दिवस मिळत असे. मी वर पाहिलं, निळं दिसलं. समोर पाहायला हवं होतं.

"धूर हाये साहेब," बाई म्हणाल्या.

"नऊपर्यंत निवळेल," मी म्हणालो आणि वहीत सही केली.

आठ वाजता त्या निघाल्या. पावणेदहाला यायला हव्या होत्या. दहा वाजले. मी लतीफभाईंशी वाऱ्याबद्दल काहीबाही बोलत राहिलो. सव्वादहाला मी घड्याळ पाहून पेट्रोलचा हिशेब मांडला. विमानाच्या टाकीत साधारण तीन तासांचं पेट्रोल मावतं. म्हणजे अकरापर्यंत आशा. त्या पाऊण तासात मी किती वेळा कान टवकारले असतील! रस्त्यावरचा ट्रकही विमान वाटायचा.

लहानुजी प्रथमच रेघ ओलांडून आत आले. "साहेब, उशीर झाला काय?"

खोटं बोलावं असं मनात आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून जमलं नाही. "झाला," मी म्हणालो. "अकरा वाजले की पेट्रोल संपते. त्याच्यानंतर विमान वर राह्यत नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग अकराच्या आंधी पोरगी खाली येईन."

"हो. कुठं तरी."

"उतरवाले शिकवलं न तुमी तिले?"

"शिकवलं."

"पट्टी नसन त्या जागी उतरवाले?"

मी हो म्हणालो. पण ते अर्धंच खरं होतं.

आमच्या शिक्षणात एक धडा असतो. वाट चुकली, हवा बिघडली, तर पेट्रोल हातात असतानाच एखादं वावर निवडायचं, त्यावरून एकदा खालून उडत जाऊन दगड, तार, नाले पाहायचे आणि मग ठरवून उतरायचं. नवशिके तसं करत नाहीत. पुढे गाव दिसेल, आणखी पुढे दिसेल म्हणत पेट्रोल संपेपर्यंत जातात, आणि मग निवडायला काही उरत नाही. हा धडा चार-पाच वेळा घोकून घ्यायचा असतो. बाईंना मी तो एकदाच दाखवला होता, आणि तोही विमान माझ्या हातात ठेवून. नंतर वेळ नाही म्हणून त्यांच्या कार्डावर त्या धड्यासमोर "झाला" अशी खूण करून टाकली होती. माझ्याच अक्षरातली ती खूण त्या सकाळी मला सारखी दिसत होती.

अकरा वाजून गेले. लतीफभाईंनी क्लबाच्या जीपच्या सावलीत सतरंजी टाकली, पण कोणी बसलं नाही. लहानुजींनी फडक्यातून भाकरी सोडली, तिचे तीन भाग केले आणि एक माझ्यासमोर धरला. "खा साहेब. उपाशी माणसाले वंगाळच सुचते."

मी ती भाकरी खाल्ली. चव लागली नाही, पण खाल्ली.

बारा वाजून गेल्यावर सायकलवर एक पोलीस शिपाई आला. दोन-दोन वेळा घंटी वाजवत आला म्हणून मला वाटलं, वाईट बातमी घेऊन येणारा माणूस घंटी वाजवणार नाही. त्याच्या हातात महागावहून फोनवर आलेला निरोप होता. त्यानं तो सरकारी सुरात वाचून दाखवला. महागावच्या अलीकडे एका तांड्याजवळच्या वावरात एक विमान उभे असून त्यातून एक बाई उतरली आहे. बाई सुखरूप असून सध्या तांड्याच्या नायकाच्या घरी चहा घेत आहे.

"आणि विमान?" लतीफभाईंनी विचारलं.

शिपायानं कागद उलटून पाहिला. "विमानाबद्दल एवढंच. उभं आहे."

लतीफभाई मटकन सतरंजीवर बसले. लहानुजींनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. 

आम्ही तिघं जीपनं निघालो. आर्णीच्या पुढे रस्ता असा की बोलायची सोय नव्हती, ते बरंच झालं. पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. ज्वारी कापून गेलेलं लांबोडकं वावर, एका टोकाला नाला, दुसऱ्या टोकाला बाभळी, आणि मधोमध आमचं पिवळं विमान. कापडाला साधा ओरखडा नव्हता. भोवती काट्यांचं कुंपण घातलेलं. गुरं कापड चाटतात, म्हणून तांड्यातल्या माणसांनी ते घातलं होतं. हा तांडा बंजारा लोकांचा. त्यांचे आजे-पणजे बैलांवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत, आता तिथंच शेती करून राहत होते. तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, हरिसिंग सत्तरीचे, मोठ्या पगडीचे. बायका घोळदार फेटिया, म्हणजे घागरे, आवरत अजून लांबून विमानाकडे पाहत होत्या.

बाई एका बाजेवर नकाशा पसरून बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या. वडिलांकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्याशी बोलल्या.

"चूक माझी हाये साहेब. धुरात अरुणावती नदी दिसली, मले वाटलं उमरखेडच्या आंधीची पूस नदीच आली. वारा समोरून होता, मी तेवढी पुढं गेलीच नव्हती. मंग उमरखेड कुठं दिसन? दोन चकरा मारल्या, त दिशाही गेली."

"मग?"

"मंग ठरवलं, आता शोधाचं नाही. पेट्रोल अर्ध्याच्या वर होतं. उतराचं."

नायक मध्ये बोलले. त्यांचं मराठी संथ होतं. "पहिल्यानं खाली आली न् निघून गेली. आमी म्हटलं भेली. दुसऱ्या बारीले हात हालवला, गुरं काढा म्हणे. आमी काढली. तिसऱ्या बारीले उतरली. बैलं लादून नेणारे आमच्या लदेणीचे लोक बी असंच करत. रस्ता हरपला त बैल थांबवाचे, पुढं हाकलाचे नाही."

मी बाईंना बाजूला घेतलं. "हे मी तुम्हाला नीट शिकवलं नव्हतं."

"एकडाव दाखवलं होतं न."

"एकदा दाखवल्यानं येत नाही."

त्या जरा संकोचल्या. "राळेगावच्या एसटीत खिडकीपाशी बसते मी. जाता-येता वावरं पाह्यते. हे चालन, हे नाही, यात विहीर हाये, याच्यात बांध आडवा हाये. वारा धुरावरून पाह्यते. सव्वा तास जाते माहा त्याच्यात."

आता विमान बाहेर काढायचं होतं. वावर आखूड, त्यामुळे दोघांना घेऊन ते उठणं शक्य नव्हतं. एकानंच न्यायचं. नियमानं तो एक म्हणजे मी. विद्यार्थी अवघड जागी उतरला तर शिक्षकानं विमान उडवून न्यावं, यात वाद नाही. मी मागच्या जागेत चढलो, पट्टे आवळले. लतीफभाई पंख्याकडे गेले. जाता जाता म्हणाले, "साब, ज़मीन छोटी है और आप का वज़न..." आणि पुढचं गिळलं.

मी बाईंना विचारलं, "जमीन कुठं भुसभुशीत आहे का?"

"नाल्याकडून निघालं की चाळीस पावलांवर, डाव्या अंगाले. उजवीकडून घ्या. तिथून पुढं उतार हाये. त्या दोन बाजा दिसतात, त्याच्यावर धोतर टाकलं?"

वावराच्या दोन्ही कडांना समोरासमोर एकेक बाज होती, वर पांढरं धोतर.

"तिथपर्यंत चाकं सुटली नाहीत त इंजिन बंद कराचं. पुढं थांबाले जागा पुरते, मी तीनदा मोजली. बाभळी सरळ ओलांडाच्या नाहीत, उजवीकडं खिंडार हाये."

हे मी शिकवलेलं नव्हतं. अशा वावरातून काय करायचं, हा प्रश्न आमच्या कार्डावर नव्हताच. मी पट्ट्यात अडकून बसलो होतो आणि खालून ही मुलगी मला वावर समजावून सांगत होती. वर तिचं वजन माझ्यापेक्षा वीस-पंचवीस किलोनं कमी. तिला हे वावर माहीत होतं. मला केवळ नियम माहीत होता. विमान मोडलं तर माझी नोकरी जाईल, तिचं लायसन्स जाईल, हे तर होतंच. त्याहून वाईटही होऊ शकलं असतं, आणि तिचा बाप दहा पावलांवर उभा होता.

मी पट्टे सोडले आणि खाली उतरलो. लहानुजींकडे गेलो. म्हटलं, "मी विचार करतोय की बाईंनीच न्यावं. तुम्हाला काय वाटते?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "मले यातलं काय समजते साहेब? तुमाले समजते न् तिले समजते. मले पोत्याचं समजते." मग म्हणाले, "पण तुमी उतरून आले म्हंजे तुमचं ठरलं असन."

ठरलं होतं. नकाशाच्या पाठीवर मी परवानगी लिहून सही केली. बाईंनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि चढल्या. लतीफभाईंनी बिस्मिल्ला म्हणून पंखा फिरवला. तांड्यातल्या चार माणसांनी शेपूट धरून ठेवलं. इंजिन पूर्ण जोरात आलं तशी बाईंनी हात वर केला, त्यांनी शेपूट सोडलं. विमान उजवीकडून गेलं, उतारावर शेपूट उचललं, आणि बाजांच्या चांगलं दहा-पंधरा पावलं आधीच चाकं सुटली. खिंडारातून बाहेर पडलं, वळलं आणि आर्णीच्या रस्त्यावरून उत्तरेकडे गेलं. सगळं मिळून मिनिटही लागलं नसेल. 

नायकांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आत एका म्हातारीला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणत होते. तिनं लहानुजींच्या ताटात दोनदा तूप वाढलं, मुलीचा बाप म्हणून. माझ्या ताटात एकदा.

यवतमाळला जीप पोचली तेव्हा दिवस मावळला होता. विमान पट्टीच्या कडेला वाऱ्याकडे तोंड करून दोरांनी बांधलेलं, इंजिनावर ताडपत्री. बाई नव्हत्या. उड्डाणाच्या वहीत नोंद होती, सुबक, मास्तरणीच्या अक्षरात. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, हवा आता चांगली आहे. खाली एक ओळ: सहाची एसटी गाठते, उद्या सकाळची शाळा आहे.

त्या रात्री मी क्लबाला अहवाल लिहिला. धूर असताना पाठवलं हे लिहिलं, खोट्या खुणेचं लिहिलं, नियम मोडल्याचंही लिहिलं. लतीफभाई म्हणाले, "खुणेचं कोण विचारणार होतं साब?" कोणी नव्हतं विचारणार, ते खरं. पण वहीतली तिची ती नोंद वाचल्यावर माझ्या हातून दुसरं काही लिहिलं गेलं नसतं. पुढच्या एका हंगामापुरता विद्यार्थ्यांना एकट्यानं सोडायचा माझा अधिकार काढून घेतला गेला. ते योग्यच होतं. त्यानंतर मी जवळजवळ वीस वर्षं शिकवलं, आणि माझा प्रत्येक विद्यार्थी आधी माझ्याबरोबर एसटीच्या खिडकीशी बसला. कंडक्टर विचारायचे, साहेब, कुठं जायचंय? आम्ही म्हणायचो, कुठंही नाही, नेरपर्यंत जाऊन परत यायचंय.

बाईंनी त्या प्रसंगानंतर लगेच पुढच्या रविवारी तोच त्रिकोण पुन्हा पुरा केला, पाच मिनिटं लवकर आल्या. पुढच्या हिवाळ्यात लायसन्स हातात आलं. आता सोबत माणूस नेता येणार होता. पहिला माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता. लहानुजींनी तीन रविवार टाळलं, चौथ्या रविवारी पांढऱ्या सदऱ्यावर लतीफभाईंचं जाकीट चढवून पुढच्या जागेत बसले. बाईंनी त्यांना गावावरून फिरवलं, जिनिंगवरून दोन चकरा मारल्या, आझाद मैदान दाखवलं, आणि अलगद उतरवलं.

लतीफभाईंनी पट्टे सोडता सोडता विचारलं, "क्यों लहानुजी, ऊपर से जिनिंग कैसी दिखी?"

"जिन नाई पाह्यली," लहानुजी मान चोळत म्हणाले. "मागं पाह्यत होतो. पोरगी मागं बसते न."

त्यांची मान पुढे आठ दिवस दुखत होती, असं बाई सांगत होत्या.